सर्व्हर सोलापुरात, आपण पुण्यात: नेटवर्कवरचा केव्हीएम पहिल्यांदा बसवताना

रात्री साडेअकराला मी पुण्यात बसून सोलापूरच्या एका कार्यालयातला सर्व्हर अपडेट केला, रीस्टार्ट केला आणि तो परत आलाच नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली, पिंगला उत्तर नाही. अशाच वेळेसाठी तिथे केव्हीएम, म्हणजे सर्व्हरची स्क्रीन आणि कीबोर्ड दुरून वापरू देणारं यंत्र, बसवलेला होता. पण त्याच्यापर्यंत पोचवणारं व्हीपीएन (दूरच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट) त्याच सर्व्हरवरच्या एका व्हर्च्युअल मशीनमध्ये चालत होतं. सर्व्हर बंद म्हणून व्हीपीएन बंद, आणि व्हीपीएन बंद म्हणून केव्हीएम असून नसल्यासारखा. रातोरात २५० किलोमीटर गाडी चालवत पोचलो. स्क्रीनवर एकच ओळ होती: एक पंखा सापडत नाही, पुढे जायला एफ१ दाबा. दाबलं. सर्व्हर सुरू झाला.

ती रचना मीच केली होती. त्यानंतर हे काम ज्या क्रमाने करायला शिकलो, त्याच क्रमाने इथे लिहितो आहे. तुमच्याकडे एकदोन सर्व्हर असतील, ते दुसऱ्या गावी असतील आणि सांभाळणारे तुम्ही एकटेच असाल, तर हे तुमच्यासाठी आहे.

आधी नाव समजून घ्या. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माउस या तिघांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून केव्हीएम. साधा केव्हीएम स्विच म्हणजे एकाच मॉनिटर-कीबोर्डवरून अनेक मशीन चालवायची पेटी. नेटवर्कवरचा केव्हीएम सर्व्हरच्या व्हिडिओ पोर्टमधून चित्र घेतो आणि लॅनवरून तुमच्या ब्राउझरमध्ये दाखवतो. तुम्ही दाबलेली कळ तो यूएसबी कीबोर्ड असल्यासारखी सर्व्हरला देतो. सर्व्हरच्या लेखी शेजारी कोणीतरी मॉनिटर लावून बसलं आहे, एवढंच. त्यामुळे सर्व्हरमध्ये काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. एसएसएच, रिमोट डेस्कटॉप, एनीडेस्क ही दुरून काम करायची साधनं ऑपरेटिंग सिस्टीम जागी असेल तरच कामाची. बायोस (मशीन सुरू होतानाची मूळ सेटिंग), बूट मेनू, डिस्कच्या एन्क्रिप्शनचा पासवर्ड विचारणारी स्क्रीन, लिनक्स कोलमडल्याचा कर्नल पॅनिक, विंडोजचा निळा पडदा हे सगळं केव्हीएमवर दिसतं.

१. वेगळा केव्हीएम लागतो का, ते आधी पाहा

ब्रँडेड सर्व्हर असेल तर ही सोय बहुधा मदरबोर्डवर आधीच आहे. डेलमध्ये तिला आयड्रॅक म्हणतात, एचपीईमध्ये आयएलओ, लेनोवोमध्ये एक्सक्लॅरिटी कंट्रोलर, आणि सुपरमायक्रोचे लोक नुसतं आयपीएमआय म्हणतात. आयपीएमआय हे १९९८ साली इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी मिळून आणलेलं मानक आहे. ही सोय म्हणजे मदरबोर्डवरचा एक छोटा स्वतंत्र संगणकच. सर्व्हर बंद असला तरी वीज आहे तोवर तो जागा असतो.

इथला पहिला सापळा लायसन्सचा. आयड्रॅक आहे म्हणजे स्क्रीन दिसेलच असं नाही. दूरची स्क्रीन दाखवणारा भाग साधारणपणे एंटरप्राइझ लायसन्समध्ये येतो. आयएलओचं स्टँडर्ड लायसन्स असेल तर बऱ्याच प्रोलायंट सर्व्हरवर बूट होईपर्यंत स्क्रीन दिसते आणि ऑपरेटिंग सिस्टीम सुरू झाली की बंद पडते. खरेदीच्या बिलावर लायसन्सचं नाव शोधा. नसेल तर त्याच्या किमतीची वेगळ्या केव्हीएमशी तुलना करा.

एका रॅकमध्ये आठ-सोळा मशीन असतील तर एटेन, रॅरिटन किंवा व्हर्टिव्हच्या अ‍ॅव्होसेंट मालिकेतले रॅकमध्ये बसणारे स्विच योग्य. प्रत्येक सर्व्हरला एक छोटा डोंगल लागतो आणि तिथून नेहमीची लॅनची केबल स्विचपर्यंत जाते. स्विच घेताना डोंगलची किंमत वेगळी धरा, कारण बऱ्याचदा कोटेशनमध्ये ते नसतात आणि सगळे मिळून बिल चांगलंच फुगतं. जुना स्विच स्वस्तात मिळाला तर त्याची स्क्रीन जावाशिवाय उघडते का ते तपासा. २०१८ साली आलेल्या जावा ११ मधून वेब पानावरून जावाचे प्रोग्राम सुरू करणारं वेब स्टार्ट काढून टाकलं गेलं, आणि त्यावर चालणारे जुने केव्हीएम आजच्या लॅपटॉपवर चालवणं ही रोजची कटकट होते.

एकदोन असेंबल केलेली मशीन असतील तर पायकेव्हीएम, जेटकेव्हीएम, नॅनोकेव्हीएम यांच्यासारखी लहान डबी पुरते. मी पायकेव्हीएम वापरतो. रॅस्पबेरी पाय हा छोटा संगणक घेऊन स्वतः जोडणार असाल तर त्यातला पाय ४ घ्या. नवा म्हणून पाय ५ घेऊ नका, त्यात व्हिडिओ दाबून पाठवणारा एच.२६४चा हार्डवेअर भाग ठेवलेला नाही.

२. सामान आणि कागद

- केव्हीएम, त्याचा स्वतःचा ॲडॉप्टर आणि एक जादा ॲडॉप्टर
- एचडीएमआय केबल. सर्व्हरला फक्त व्हीजीए असेल तर व्हीजीएकडून एचडीएमआयकडे नेणारा कन्व्हर्टर
- यूएसबी केबल, दोन लॅन केबल, लेबल आणि मार्कर
- केव्हीएम, राउटर, फायबरचा डबा आणि नेटवर्क स्विच चौघांना पुरेल असा छोटा यूपीएस
- साधा मॉनिटर आणि कीबोर्ड, पहिल्या दिवसापुरते
- संस्थेच्या जबाबदार माणसाची लेखी परवानगी
- सर्व्हर डेटा सेंटरमध्ये असेल तर त्यांचं प्रवेशपत्र आणि बाहेरचं यंत्र रॅकमध्ये लावायची मंजुरी
- सर्व आयपी पत्ते, पोर्ट क्रमांक आणि रॅकचे पुढून-मागून फोटो

कन्व्हर्टरबद्दल जरा थांबून सांगतो, कारण यात जवळजवळ प्रत्येक जण फसतो. दुकानात सहज मिळतो तो एचडीएमआयकडून व्हीजीएकडे नेणारा, लॅपटॉप जुन्या प्रोजेक्टरला लावायचा. आपल्याला उलट दिशा हवी. हे कन्व्हर्टर एकाच दिशेने चालतात. पिन बसली म्हणून चित्र येत नाही. मागताना ‘सर्व्हरकडून व्हीजीए निघणार, पुढे एचडीएमआय हवं’ असं दिशेसकट सांगा. त्याला वेगळी यूएसबी वीज लागत असेल तर तीही जोडा.

परवानगीचा कागद उपचार म्हणून सोडून देऊ नका. केव्हीएम ज्याच्या हाती, तो सर्व्हरच्या समोर बसलेला माणूस. उद्या काही गैर घडलं तर हा अधिकार तुम्हाला कोणी आणि कशासाठी दिला हे कागदावर असलं पाहिजे.

३. केव्हीएमची वाट सर्व्हरवरून जाता कामा नये

संपूर्ण लेखात एकच पायरी नीट वाचणार असाल तर ही वाचा.

एका कागदावर तुमचा लॅपटॉप काढा, सोलापूरचा केव्हीएम काढा, आणि दोघांच्या मध्ये लागणारी प्रत्येक गोष्ट काढा: राउटर, फायरवॉल, व्हीपीएन, आयपी वाटणारा डीएचसीपी, नावं सोडवणारा डीएनएस, लॉगिन तपासणारा डोमेन कंट्रोलर. आता जो सर्व्हर वाचवायचा आहे त्यावर काट मारा. काट मारल्यावर वाटेतली एक जरी गोष्ट बंद पडत असेल तर तुमचा केव्हीएम ऐन वेळी कामाचा नाही. माझ्या कागदावर व्हीपीएन बंद पडलं असतं. एका मित्राकडे डीएचसीपी बंद पडत होता: सर्व्हर गेला, केव्हीएमचा आयपी गेला. म्हणून केव्हीएमला स्थिर आयपी द्या, तो नावाने नाही तर आकड्याने उघडा, आणि केव्हीएमचं लॉगिन त्याच्या स्वतःच्या खात्यावर ठेवा, डोमेनवर नको.

व्हीपीएन राउटरवर ठेवा. राउटरमध्ये सोय नसेल तर त्यासाठी वेगळं छोटं यंत्र ठेवा. मी वायरगार्ड वापरतो. ते मार्च २०२०च्या ५.६ आवृत्तीपासून लिनक्स कर्नलमध्येच आहे आणि मांडायला सोपं आहे.

आता आपल्याकडची खास अडचण. अनेक ब्रॉडबँड जोडण्यांना आणि जवळजवळ सगळ्या मोबाइल डेटाला स्वतंत्र सार्वजनिक आयपी मिळत नाही. इंटरनेट कंपनी अनेक ग्राहकांना एकाच आयपीमागे बसवते. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १०० पासून सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, तर तुम्ही त्या रांगेत आहात. बाहेरून आत येणारी जोडणी तिथे पोचणारच नाही, राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा. यावर दोन उपाय. कंपनीकडून पैसे भरून स्थिर आयपी घ्या, किंवा आतल्या यंत्रानेच बाहेर जोडणी करावी असं करा: भाड्याचा एक छोटा क्लाउड सर्व्हर घ्या, सोलापूरचं यंत्र वायरगार्डने त्याला जोडलेलं ठेवा, तुम्हीही पुण्यातून त्यालाच जोडा. वाट उघडी राहावी म्हणून वायरगार्डमध्ये दर २५ सेकंदांनी एक छोटा संदेश जात राहील अशी नोंद करा. टेलस्केलसारखी सेवा हे सगळं तुमच्यासाठी करते. पहिल्यांदा करणाऱ्याला ती सोपी जाईल.

अजून एक सापळा तासभर खातो. तुमच्या घरचा राउटर १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटतो, तिथला राउटरही तेच. व्हीपीएन जोडलं, हिरवा दिवा लागला, तरी केव्हीएम उघडत नाही, कारण लॅपटॉप तो पत्ता तुमच्या घरातच शोधतो. पहिल्याच दिवशी तिथल्या नेटवर्कला वेगळे पत्ते द्या, १०.४७.२० सारखे सहसा कुणाकडे नसतात असे.

केव्हीएमचं पान थेट इंटरनेटवर उघडू नका. ‘तात्पुरतं पोर्ट उघडतो, उद्या बंद करतो’ असंही नको. आणि सुपरमायक्रोचा बोर्ड असेल तर त्याच्या आयपीएमआयची लॅन निवड बघा. ती मुळात फेलओव्हर या पर्यायावर असते: वेगळ्या पोर्टला केबल नसेल तर व्यवस्थापनाचा भाग गुपचूप सर्व्हरच्या पहिल्या लॅन पोर्टवर जाऊन बसतो. तो पोर्ट थेट इंटरनेटला असेल तर तुमचं आयपीएमआय जगासमोर उघडं. पर्याय बदलून डेडिकेटेड करा.

जमलं तर दुसरी वाट ठेवा. मी ४जी सिमचा राउटर ठेवला आहे. महिन्याला थोडा खर्च येतो, पण रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटलं त्या दिवशी तोच उपयोगी पडला.

४. जोडणी

सर्व्हर बंद करून जोडणं चांगलं. रॅस्पबेरी पायची चपटी रिबन केबल तर वीज काढूनच लावायची, चालू असताना कधीच नाही.

क्रम असा: केव्हीएमला लॅन, मग वीज, मग त्याचं पान स्थानिक लॅपटॉपवर उघडतं का ते पाहा, मग एचडीएमआय आणि यूएसबी, आणि शेवटी सर्व्हर सुरू करा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण सर्व्हर सुरू होताना समोर मॉनिटर आहे का असं विचारतो, आणि उत्तर नाही आलं तर काही ग्राफिक्स कार्डं पोर्टच बंद ठेवतात. मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर बायोस कुठल्या पोर्टवर दिसतो ते साध्या मॉनिटरने आधी तपासा. मदरबोर्डवरच्या पोर्टला केबल लावून काळी स्क्रीन बघत बसण्यात खूप जणांची संध्याकाळ जाते.

चित्र येतं पण ऑपरेटिंग सिस्टीम सुरू झाल्यावर जातं, असं झालं तर दोष बहुधा रिझोल्यूशनचा. पाय ४ आणि साधा एचडीएमआय-सीएसआय बोर्ड (एचडीएमआयचं चित्र पायच्या कॅमेरा पोर्टला देणारा) यांची झेप १९२० गुणिले १०८० ला सेकंदाला ५० चित्रांपर्यंत आहे. सर्व्हरने ६० चा हट्ट धरला तर चित्र मिळत नाही. १२८० गुणिले ७२० ठेवा. बायोस आणि कमांड लाइनसाठी ते पुष्कळ आहे आणि कमी इंटरनेटवरही चालतं.

प्रत्येक केबलला लेबल लावा, आणि मराठीत लावा. ‘ही केबल काढू नये. अडचण आली तर फोन करा’ आणि खाली नंबर. एकदा तिथल्या एका कर्मचाऱ्याने मोबाइल चार्ज करायला माझ्या केव्हीएमचा ॲडॉप्टर काढून नेला. त्याची चूक नव्हती. टेबलावर मोकळा दिसणारा चार्जर होता तो, आणि त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

५. बायोसमध्ये चार बदल

शेजारी असतानाच करा. वीज गेल्यानंतर परत आली की मशीन आपोआप सुरू होईल असा पर्याय निवडा. फास्ट बूट बंद करा. सुरुवातीच्या स्क्रीनवर थांबायचा वेळ वाढवा, पाच-दहा सेकंद. दुरून चित्र यायलाच दोनतीन सेकंद जातात आणि तोवर एफ२ची वेळ निघून जाते. आणि ‘चूक दिसली तर एफ१ दाबेपर्यंत थांब’ हा पर्याय असेल तर बंद करा.

एखाद्या बायोसमध्ये केव्हीएमचा कीबोर्ड ओळखलाच जात नाही. केव्हीएम कीबोर्ड आणि माउस एकाच यूएसबीवर देतो आणि काही जुन्या बायोसना ते कळत नाही. केव्हीएमच्या सेटिंगमध्ये माउस तात्पुरता बंद करून पाहा.

६. पासवर्ड

डेलच्या जुन्या आयड्रॅकवर रूट आणि कॅल्विन, जुन्या सुपरमायक्रोवर अ‍ॅडमिन आणि अ‍ॅडमिन, पायकेव्हीएमवरही अ‍ॅडमिन आणि अ‍ॅडमिन. हे सगळ्या जगाला पाठ आहेत. नेटवर्कला जोडायच्या आधी बदला. पायकेव्हीएममध्ये वेब पानाचा आणि आतल्या लिनक्सच्या रूट खात्याचा असे दोन वेगळे पासवर्ड आहेत. बरेच जण पहिला बदलतात आणि दुसरा तसाच राहतो.

आयपीएमआय २.० च्या रचनेतच एक दोष आहे आणि तो २०१३ साली मोठ्या चर्चेत आला: लॉगिन पूर्ण व्हायच्या आधीच समोरचं यंत्र पासवर्डचा हॅश, म्हणजे त्यापासून बनवलेला सांकेतिक ठसा, विचारणाऱ्याला देतं. तो घरी नेऊन निवांत फोडता येतो. मानकातलीच गोष्ट असल्याने पूर्ण दुरुस्ती होत नाही. म्हणून पासवर्ड लांब ठेवा, पण आयपीएमआय २.० मध्ये मर्यादा २० अक्षरांची आहे हे लक्षात ठेवा. आयपीएमआय वापरतं तो यूडीपी ६२३ हा पोर्ट व्यवस्थापनाच्या नेटवर्कबाहेर कुठेही पोचू देऊ नका. लॅनवर आयपीएमआय लागतच नसेल तर ते बंद करून फक्त वेब पान चालू ठेवा.

पायकेव्हीएमला मोबाइलवरच्या सहा आकडी कोडची दुसरी पायरी लावता येते. लावा. पण एक गोष्ट बघा: पाय ४ मध्ये वीज गेल्यावर वेळ धरून ठेवणारं घड्याळ नाही. वीज आली, इंटरनेट अजून आलं नाही आणि घड्याळ चुकलं, तर कोड जुळत नाही. स्थानिक राउटरकडून वेळ घ्यायची सोय करा.

संस्था असेल तर सर्ट-इनचे, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचे, २८ एप्रिल २०२२ चे निर्देशही वाचून घ्या. घुसखोरीसारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं आणि लॉग १८० दिवस ठेवणं त्यात आहे. केव्हीएमवर कोण कधी आलं याचे लॉगही त्यात धरा.

७. कळा आणि माउस

लॅपटॉपवर मराठी कीबोर्ड चालू असेल तर आधी इंग्रजीवर या. काही केव्हीएम कळेची जागा पाठवतात, काही अक्षर पाठवतात. दुसऱ्या प्रकारात पासवर्ड चुकत राहतो आणि का चुकतो ते कळत नाही. पासवर्डमधलं ॲट चिन्ह आणि अवतरण चिन्ह ब्रिटिश आणि अमेरिकन मांडणीत जागा बदलतात, म्हणून पहिल्यांदा पासवर्ड टाकण्याआधी तो युजरनेमच्या चौकटीत टाइप करून डोळ्यांनी पाहा आणि मग खोडा.

कंट्रोल-डब्ल्यू दाबू नका. सर्व्हरवरचा शब्द खोडण्याऐवजी तुमच्या ब्राउझरचा टॅब बंद होतो. कंट्रोल-ऑल्ट-डिलीटही तुमचाच लॅपटॉप पकडतो. अशा कळांसाठी केव्हीएमच्या पानावर वेगळी बटणं असतात.

माउसचे दोन बाण दिसत असतील आणि ते एकमेकांपासून दूर सरकत असतील तर मोड बदला. विंडोज आणि नेहमीच्या लिनक्स डेस्कटॉपसाठी ॲब्सोल्यूट, काही बायोसमध्ये मात्र रिलेटिव्ह लागतो.

काम झालं की सर्व्हरवरून लॉगआउट करा. ब्राउझर बंद केला तरी सर्व्हरची स्क्रीन उघडीच राहते, आणि पुढचा येणारा तिथूनच सुरुवात करतो.

८. दुरून ऑपरेटिंग सिस्टीम टाकणं

आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलेशन डिस्कची एका फाइलमधली प्रत, केव्हीएममधून सर्व्हरला सीडी किंवा पेनड्राइव्हसारखी दाखवता येते. लॅपटॉपवरची फाइल थेट जोडलीत तर सर्व्हर वाचेल तो प्रत्येक भाग तुमच्या इंटरनेटवरून जाणार. १० एमबीपीएस अपलोड असेल तर ५ जीबीला सगळं सुरळीत चाललं तरी तासाहून जास्त, आणि मध्येच जोडणी तुटली की इन्स्टॉलेशन अर्धवट. म्हणून आधी फाइल केव्हीएमच्या मेमरी कार्डवर चढवा, चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते सांगणारा आकडा) जुळवा, मग सुरुवात करा. मी एक लिनक्सची बचावाची आयएसओ कायम तिथेच ठेवतो.

९. वीज

केव्हीएम, राउटर, फायबरचा डबा आणि नेटवर्क स्विच हे चौघे एकाच यूपीएसवर असले पाहिजेत. मोठा सर्व्हर वेगळ्या यूपीएसवर ठेवा, म्हणजे वीज गेल्यावर सर्व्हर बंद झाला तरी केव्हीएम तासभर जागा राहतो आणि महावितरणची वीज कधी परत आली ते तुम्हाला पुण्यातून दिसतं. पायकेव्हीएमचं कार्ड नेहमी फक्त वाचण्यापुरतं उघडं असतं, त्यामुळे अचानक वीज गेली तरी ते सहसा बिघडत नाही. सेटिंग बदलताना लिहिण्याची मुभा द्यावी लागते. काम झालं की परत बंद करायला विसरू नका.

अडकलेलं मशीन बंद-चालू करायला केव्हीएमपासून मदरबोर्डच्या पॉवर आणि रीसेटच्या पिनांपर्यंत तारा न्याव्या लागतात. त्या लावायच्या आधी मूळ बटणांच्या तारांचा फोटो काढा. पॉवर बटण क्षणभर दाबलं तर ऑपरेटिंग सिस्टीम नीट बंद होते. चार सेकंद दाबून धरलं तर वीज तोडल्यासारखं. केव्हीएमच्या पानावर ही दोन बटणं शेजारी-शेजारी असतात. आधी पहिलं, वाट पाहा, मगच दुसरं.

१०. तिथून निघण्याआधीची तालीम

लॅपटॉप कार्यालयाच्या वायफायवरून काढा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा. मग सर्व्हरची लॅन केबल स्वतः उपसा. केव्हीएम उघडतो का? सर्व्हर केव्हीएमवरून बंद करा, दहा मिनिटं थांबा. व्हीपीएन तुटून पुन्हा जोडतं का? सर्व्हर चालू करा, बायोसमध्ये जा, काही न बदलता बाहेर या. बचावाच्या आयएसओवरून बूट करा. राउटरची वीज काढून पुन्हा लावा आणि सगळं पहिल्यापासून करा. यातलं एक जरी अडलं तर गाडीत बसू नका.

हीच तालीम दर दोन महिन्यांनी मी पुण्यातून करतो, शनिवारी दुपारी, कार्यालयात कोणीतरी असताना. गेल्या खेपेला दुसऱ्या वाटेच्या सिमचं रिचार्ज संपलेलं निघालं. शेवटी एक कागद छापून रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा: कुठली केबल कुठे जाते, केव्हीएमची डबी कोणती, तिची वीज कुठून येते, रात्री फोन कुणाला करायचा. पासवर्ड त्यावर नको. ते बंद पाकिटात, संस्थेच्या तिजोरीत, सहीसकट.